'गॅस संपला' हे उत्तर आता पुरे झाले

मार्च महिना लागला की मोटार दुरुस्तीच्या धंद्यात एक नवा हंगाम सुरू होतो. थंडीचे तीन-चार महिने बंद असलेला गाडीचा एसी लोक चालू करून पाहतात आणि गार हवा येत नाही म्हणून गॅरेज गाठतात. बॉनेट उघडले जाते, गेज लावले जाते आणि दोन मिनिटांत निदान होते, "शेठ, गॅस संपलाय. भरावा लागेल." गॅस भरला जातो, गार हवा येऊ लागते, पैसे चुकते होतात. ग्राहक खूश आणि मेकॅनिकही खूश. पुढच्या उन्हाळ्यात, कधी कधी तर पुढच्याच महिन्यात, तीच गाडी, तेच दुखणे आणि तेच उत्तर.

आमच्या परिचयाच्या एका टॅक्सीमालकाने एकाच उन्हाळ्यात तीन वेळा असा गॅस भरून घेतला. चौथ्या वेळी गाडी आली तेव्हा कॉम्प्रेसर जाम झाला होता. दुसऱ्या कारागिराने पाहिले, तेव्हा पाइपाच्या जोडावरची एक रबरी ओ-रिंग कडक होऊन तडकलेली आढळली. काही रुपयांची वस्तू. तिच्यापायी तीन वेळचा गॅस गेला आणि कॉम्प्रेसरही गेला. त्या मालकाने पहिल्या मेकॅनिकशी भांडण केले नाही. त्याने फक्त गॅरेज बदलले आणि ओळखीच्या दोन टॅक्सीवाल्यांनाही बरोबर नेले.

मोटार दुरुस्ती हा आपल्याकडील हजारो कुटुंबांच्या पोटापाण्याचा धंदा आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत गॅरेज आणि सुट्या भागांच्या दुकानांत आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावले आहे. म्हणूनच हे थोडे कडक शब्दांत लिहावे लागत आहे. गाडीच्या एसीतील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे. ती जागा न शोधता वरचेवर गॅस भरणे ही दुरुस्ती नव्हे. त्यात ग्राहकाचे नुकसान आहे आणि त्याहून मोठे नुकसान आपल्या धंद्याचे आहे.

यंत्रणा चालते कशी?

जो कारागीर कारण जाणतो तोच दुखण्याच्या मुळाशी जातो, म्हणून आधी यंत्रणा समजून घेऊ. माठातले पाणी बाहेर पाझरून उडून जाते आणि उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. एसीचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की माठातले पाणी हवेत जाते, तर एसीतील गॅस बंद पाइपांत पुन्हा पुन्हा फिरवला जातो.

आज आपल्याकडील बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस आहे. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांवर उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब साधारण ३० पौंडांच्या आसपास ठेवलेला असतो. त्या दाबाला तो शून्य अंशाच्या जवळपास उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. तीच हवा गार होऊन आपल्या तोंडावर येते. हवेतील ओल कॉइलवर जमते आणि नळीवाटे गाडीखाली टपकते. ते निव्वळ पाणी असते. 'गाडीखाली गॅस गळतोय' असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर तो एकतर अडाणी आहे किंवा लबाड.

पुढे कॉम्प्रेसर ही वाफ ओढून दाबतो. दाबल्यामुळे ती चांगलीच तापते आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये जाते. तेथील दाब २०० पौंडांच्या घरात असला तर गॅस ५५ अंशांच्या आसपास द्रवरूप होतो. बाहेरची हवा ४० अंश असली तरी कंडेन्सर तिच्यापेक्षा गरमच असतो, म्हणून उष्णता बाहेर टाकली जाते. तो द्रव ड्रायरमधून एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्राशी येतो, तेथे दाब एकदम उतरतो आणि फेरी पुन्हा सुरू होते. थोडक्यात, एसी गाडीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. या फेरीत कोठेही गॅस जळत नाही की खर्च होत नाही. पट्ट्यावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून आणि रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडासा गॅस झिरपतो हे खरे. पण एका उन्हाळ्यात एसी बंद पडला तर त्याला झिरपणे म्हणत नाहीत, ती गळतीच.

एकट्या गेजवर विसंबू नका

आपल्या अनेक गॅरेजमध्ये गेजचा काटा पाहून गॅस भरला जातो. येथेच पहिली चूक होते. इंजिन बंद असताना हवा ३० अंश असेल तर गेजवर ९५ ते १०० पौंड दिसतात. यंत्रणेत २०० ग्रॅम गॅस असो वा ४०० ग्रॅम, काटा तेवढाच दाखवतो. कारण थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, वजनावर नाही. इंजिन चालू असतानाचा दाबही बाहेरच्या उष्णतेवर, इंजिनाच्या वेगावर आणि फॅनवर अवलंबून असतो. म्हणजे गेज आजाराची दिशा सांगते, गॅसचे प्रमाण सांगत नाही.

प्रमाण सांगतो तो वजनकाटा. गाडीत किती ग्रॅम गॅस हवा हे बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते. लहान गाड्यांत तो साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो. इतक्या थोड्या मालात पन्नास-शंभर ग्रॅमची चूक फार मोठी ठरते. गॅस कमी पडला तर गारवा कमी होतो आणि गॅसबरोबर फिरणारे तेल कॉम्प्रेसरकडे पुरेसे परतत नाही. जास्त झाला तर दाब चढतो, गारवा पुन्हा कमीच होतो, इंजिनावर भार येतो आणि पेट्रोल जास्त जाते. आपला किराणा दुकानदार साखर अंदाजाने देत नाही, सोनार तर गुंजेचाही हिशेब ठेवतो. मग गॅसचे पैसे घेणाऱ्या मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये काटा का नसावा? मापात घट हा कोणत्याही धंद्याला लागलेला कलंक असतो, मग ती तागडीत असो की सिलिंडरमध्ये.

खरी सर्व्हिस म्हणजे काय?

पहिली गोष्ट, प्रत्येक गरम हवेला गॅस जबाबदार नसतो. केबिन फिल्टर धुळीने बुजलेला असतो, कंडेन्सरच्या जाळीत माती आणि किडे अडकलेले असतात, फॅन फिरत नसतो, क्लचला करंट पोहोचत नसतो किंवा हीटरचा पडदा अर्धवट उघडा राहिलेला असतो. या गोष्टी गेज लावण्याआधी पाहायच्या असतात. फिल्टर साफ करून गार हवा येत असेल तर तसे सांगून तपासणीचे पैसे घ्यावेत. त्यात कमीपणा काहीच नाही. डॉक्टर तपासणीची फी घेतो, मग कारागिराने आपल्या अकलेचे पैसे का घेऊ नयेत?

दुसरी गोष्ट गळतीचा शोध. गॅसबरोबर तेलही बाहेर येते, म्हणून जोडावर तेलकट डाग आणि त्यावर बसलेली धूळ दिसली की अर्धे काम झाले. साबणाचा फेस, अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर ही साधने आहेतच. सर्व्हिस व्हॉल्व्हच्या आतली पिन, पाइपांच्या जोडावरच्या ओ-रिंग, दगड लागलेला कंडेन्सर, कॉम्प्रेसरचे शाफ्ट सील आणि कुजलेली कूलिंग कॉइल या नेहमीच्या जागा आहेत. गळती सापडत नसेल तर रेग्युलेटर लावून नायट्रोजनचा दाब द्यावा. १५० पौंडांच्या आसपासचा दाब बहुतेक वेळा पुरतो. मात्र ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही लावू नये. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. वेल्डिंगसाठी ऑक्सिजन हाताशीच असतो, म्हणून हा इशारा मुद्दाम देत आहोत. गॅस भरलेल्या पाइपाजवळ ज्योतही नेऊ नये. जळलेल्या गॅसपासून विषारी वाफा निघतात.

तिसरी गोष्ट व्हॅक्यूम. यंत्रणा उघडली की हवा आणि ओल आत शिरते. ओलीमुळे व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ धरतो आणि पुढे तेलात आम्ल तयार होऊन धातू खाल्ला जातो. ती ओल बाहेर काढण्याचा मार्ग म्हणजे आतला दाब इतका उतरवायचा की पाणी साध्या तापमानावर उकळून वाफ व्हावे. ३० अंशांवर त्यासाठी हवेच्या नेहमीच्या दाबाचा सुमारे चोविसावा हिस्सा लागतो. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने व्हॅक्यूम करण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने हवा निघते, पण ओल निघेल याची हमी नाही. त्यासाठी दोन टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप हवा आणि तो निदान अर्धा तास चालला पाहिजे. एक बारकावा ध्यानात असू द्या. समुद्रकाठच्या मुंबईत काटा २९ इंचांच्या पुढे जातो, पण पुणे उंचावर असल्याने तेथे तो २८ च्या आसपासच थांबतो. हा दोष पंपाचा नसतो.

पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहिला म्हणजे गळती नाहीच, असेही समजू नये. व्हॅक्यूममध्ये आत-बाहेरचा फरक एका वातावरणाइतकाच असतो. गाडी चालू असताना तोच फरक दहा-पंधरा पट होतो. बारीक गळती तेव्हा उघडी पडते.

चौथी गोष्ट, यंत्रणा उघडल्यास ड्रायर बदलावा, योग्य जातीचे तेल योग्य मापाने घालावे आणि मगच काट्यावर तोलून गॅस भरावा. तेलाचा डबा उघडा ठेवू नये, कारण हे तेल हवेतली ओल शोषून घेते.

स्वस्त गॅस महागात पडतो

सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे जरूर आहे. बाजारात निनावी डबे येतात, त्यांत काय आहे ते कोणी सांगत नाही. काहींत स्वयंपाकाच्या गॅससारखा जळणारा माल मिसळलेला असतो. गारवा येतो, पण पेटणारा गॅस प्रवाशांच्या पुढ्यातल्या कॉइलमध्ये फिरत राहतो. २०११ साली व्हिएतनाममध्ये दुरुस्ती झालेल्या काही शीत कंटेनरांचे स्फोट झाले आणि त्यांत तीन कामगारांचे प्राण गेले. भेसळीच्या गॅसमधील मिथाइल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन हे घडल्याचे मानले गेले. गाडीचा कंडेन्सर आणि कॉइलही ॲल्युमिनियमचीच असते. डब्यामागे चार पैसे जास्त सुटतात म्हणून असा माल ठेवणाऱ्याने हा विचार जरूर करावा की उद्या त्या बॉनेटवर वाकणारा आपलाच कोणी पोर असेल.

बदल दारात उभा आहे

गॅस बदलण्याची ही पहिली वेळ नाही. पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ हा गॅस होता. त्याने पृथ्वीभोवतीच्या ओझोन थराला इजा होते म्हणून १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०१० पासून हा गॅस आपल्याकडे पूर्ण बंद झाला. आर-१३४ए आला तेव्हा तेलही बदलले, कारण जुन्या खनिज तेलात तो मिसळत नाही. ज्यांनी ही गोष्ट शिकून घेतली ते टिकले. ज्यांनी जुन्या तेलावरच नवा गॅस भरला त्यांनी ग्राहकांचे कॉम्प्रेसर घालवले.

आता आर-१३४एची पाळी आली आहे. ओझोनला त्याने इजा होत नाही, पण तो हवेत गेला की पृथ्वीचे तापमान वाढवतो. एक किलो गॅसचा परिणाम सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरला जातो. हिशेब केला तर लहान गाडीतला ४०० ग्रॅम गॅस पिन दाबून हवेत सोडणे म्हणजे जवळजवळ २५० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत हा गॅस भरण्यास बंदी आहे आणि तेथे आर-१२३४वायएफ वापरला जातो. तो काहीसा ज्वलनशील असल्याने त्याची यंत्रे आणि जोड वेगळे आहेत. भारताने २०१६ च्या किगाली कराराला २०२१ मध्ये मान्यता दिली. त्याप्रमाणे अशा गॅसांच्या वापराला २०२८ पासून मर्यादा येईल आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात होईल.

विजेच्या गाड्यांचे तर तंत्रच निराळे. तेथे कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरत नाही, तो शेकडो व्होल्टच्या विजेवर चालतो आणि त्याच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. त्यात बहुधा वेगळ्या जातीचे, वीज न वाहणारे तेल लागते. नेहमीचे तेल घातले तर विजेची गळती होऊन गाडी बंद पडू शकते. पुष्कळ गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याचे कामही हीच यंत्रणा करते. 'चल, पाहू या' म्हणून हात घालण्याचे हे काम नव्हे, येथे जिवाशी गाठ आहे.

दुसऱ्या बाजूने धंदा वाढतोही आहे. २०२५ पासून देशात तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. उद्या हमरस्त्यावरच्या गॅरेजमध्ये हे ट्रक येतील. ते काम कोणाच्या हाती जाईल, हे आपण आज काय शिकतो त्यावर ठरेल.

अडचणी खऱ्या आहेत, पण…

यावर आपले कारागीर दोन हरकती घेतात. पहिली, "ग्राहकच स्वस्त मागतो. गळती शोधायला अर्धा दिवस लागतो, तेवढा त्याला दम नसतो." यात तथ्य आहे. पण ग्राहकाला निवड तरी द्या. त्याला सांगा, "साहेब, गॅस गळतोय. नुसता भरला तर इतके पैसे, पण किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. गळती काढून भरला तर इतके, आणि त्याची जबाबदारी माझी." बहुतेक समजदार माणसे दुसरा मार्ग घेतात. जो पहिला घेईल, तो निदान आपल्याला खोटे सांगितले असे म्हणणार नाही.

दुसरी हरकत यंत्रांच्या किमतीची. गेज, चांगला पंप, ग्रॅम दाखवणारा काटा, नायट्रोजनचा रेग्युलेटर, डिटेक्टर आणि एक थर्मामीटर एवढी साधने एका हंगामाच्या कमाईतून हळूहळू घेता येतात. जुना गॅस काढून साफ करणारे मशीन महाग आहे, हे मान्य. पण एकाच गल्लीतल्या चार गॅरेजवाल्यांनी मिळून ते का घेऊ नये? कर्ज न काढता भागीदारीत घ्यावे, वापराप्रमाणे हिशेब ठेवावा. काढलेला गॅस पुन्हा कामी येतो, म्हणजे पैसाही वाचतो. आपण शेजारच्या गॅरेजचा ग्राहक ओढण्यात जितकी ताकद घालवतो, तितकी एकत्र येण्यात घातली तर हे सहज जमेल.

याशिवाय प्रत्येक कामाचे लेखी बिल द्यावे. किती ग्रॅम गॅस निघाला, किती भरला, गळती कोठे होती, कोणता भाग बदलला आणि जाळीतून येणाऱ्या हवेचे तापमान आधी किती होते, नंतर किती झाले, एवढ्या पाच ओळी पुरेत. कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनवर लोक जास्त पैसे देऊन जातात. हातातल्या कागदाने मिळणारा भरवसा हे त्याचे मोठे कारण आहे. तो कागद आपण देऊ शकतो, आणि कमी पैशांत देऊ शकतो.

शेवटी नव्या पिढीविषयी. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या मुलाच्या हातात सफाई असते, पण 'का' विचारले तर तो गप्प होतो, कारण उस्तादालाही कोणी ते सांगितलेले नसते. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कूलिंग आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. अशा वर्गांची चौकशी आपल्या गॅरेजमालकांनी करावी आणि दुकानातल्या एका तरी मुलाला पगार न कापता पाठवावे. तो जे शिकून येईल ते दुकानाच्याच कामी येईल.

आपल्या कारागिराच्या हाताला कोणी नावे ठेवत नाही. हात आहेच. त्याला आता काटा, कागद आणि थोडे पुस्तकी ज्ञान यांची जोड हवी. या मार्चमध्ये एसीची पहिली गाडी दारात येईल तेव्हा 'गॅस संपलाय' हे शब्द ओठांवर आले तरी आवरावेत आणि म्हणावे, "थांबा शेठ, आधी कुठून गेला ते बघू."